जुन्या घरात स्मार्ट लाइट बसवायचे का? (शहापूर, बेळगाव)

शहापूरकर
घर शहापुरात, गल्लीतलं. दर्शनी १४ फूट, आत ६० फूट, वर एक मजला. पुढचा अर्धा भाग जुना आहे: जांभ्याच्या दीड फुटी भिंती, वर कौलं, लाकडी पट्टीचं फिटिंग. मागचा भाग स्लॅबचा, तिथं कंसील्ड वायरिंग आणि मॉड्युलर बोर्ड. एकूण १६ लाइट पॉइंट, ५ पंखे. सिंगल फेज मीटर. लाइट-पंखे सगळे इन्व्हर्टरवर. राउटर पुढच्या दाराजवळ. घरात पंच्याहत्तरीच्या पुढचे दोघे.

हवंय ते एवढंच: रात्री न्हाणीघराकडे जाताना वाटेतले दिवे आपोआप लागावेत, जिन्यातला दिवा रात्रभर जळत राहू नये, मागच्या अंगणात तुळशीपाशी दिवेलागणीला दिवा स्वतःहून लागावा. दुकानात सांगतात सोळाही बल्ब बदला. वायरमन म्हणतो बल्ब नको, बोर्डात मॉड्यूल टाकू. बजेट १५,००० पर्यंत. बिल कमी होतं म्हणतात, ते कितपत खरं? जाणकारांनी सांगावं.

उद्यमबाग
भिंतीवरचं बटण कोण आणि कसं दाबणार, हे आधी ठरवा. बल्ब की मॉड्यूल हे त्यावरून आपोआप ठरतं.

स्मार्ट बल्बला चोवीस तास करंट लागतो. कुणी बटण बंद केलं की मोबाइलवर तो 'ऑफलाइन', मग ॲप असो की अलेक्सा, कुणाचंच ऐकत नाही. खोलीतून बाहेर पडताना बटण बंद करायची सवय ज्या घरात हाडीमाशी मुरलीय तिथं सोळा बल्ब म्हणजे रोजची कटकट. बटणावर चिकटपट्टी लावून ठेवतात काही लोक. अंधारात चाचपडणाऱ्या माणसाला बटणच सापडू नये, याला स्मार्ट कसं म्हणायचं?

मॉड्यूल म्हणजे काडेपेटीएवढा रिले (विजेवर चालणारा छोटा स्विच), बटणाच्या मागे बसतो. बटण पूर्वीसारखं चालतं, वर मोबाइलवरूनही चालतं. वायफाय गेलं तरी बटण चालू. वायरमनचं म्हणणं तत्त्वतः बरोबर आहे. पण तुमच्या पुढच्या भागात ते बसणार नाही अशी दाट शक्यता, कारण न्यूट्रल.

निपाणीकर
बिलाचं मी सांगतो, कारण आपल्याकडचं गणित पुण्या-मुंबईच्या लेखांत मिळत नाही.

गृहज्योतीत (कर्नाटक सरकारची घरगुती फुकट विजेची योजना) २०२२-२३ च्या तुमच्या मासिक सरासरीवर १० टक्के जास्त इतके युनिट फुकट, कमाल २००. त्याच्या वर पण २०० च्या आत गेलात तर वरच्या युनिटांचेच पैसे. २०० ओलांडले की पूर्ण बिल भरायचं. म्हणजे ज्याचं आधीच झिरो बिल येतं त्याला दोन-चार युनिट वाचवून एक रुपयाही मिळत नाही. मर्यादेच्या काठावर असाल तरच फरक.

आता बल्बचा हिशोब. वायफाय बल्ब 'बंद' असतानाही साधारण अर्धा वॅट खातो. १६ बल्ब × ०.५ वॅट × १९ तास × ३० दिवस = ४.५६ युनिट. दुसऱ्या बाजूला, ९ वॅटचा एक दिवा रोज ४ तास विसरला तर महिन्याला १.०८ युनिट. म्हणजे रोज चारहून जास्त दिवे चार-चार तास विसरणारं घर असेल तेव्हा कुठे या बल्बांचा स्वतःचा खुराक भरून निघतो.

खरी बचत हवी तर झिरोचा बल्ब काढा. जुन्या काचेच्या 'झिरो' बल्बवर शून्य लिहिलेलं असलं तरी तो १२-१५ वॅट खातो. रात्री ९ तास धरले तर १५ वॅटला ४.०५ युनिट. त्या जागी अर्ध्या वॅटचा एलईडी लावा, पन्नास-साठ रुपयांत काम होतं. त्याहून मोठं खाणं पंख्याचं. जुना ७५ वॅटचा पंखा काढून ३० वॅटचा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा) लावला तर रोज १० तासांला महिन्याकाठी १३.५ युनिट वाचतात, एका पंख्यामागे.

टिळकवाडी_अक्का
निपाणीकर, हिशोब मान्य. पण धागाकर्त्याचा मुद्दा बिलाचा कमी आणि रात्री पडझड होऊ नये याचा जास्त आहे. एकदा मांडीचं हाड मोडलं की त्यापुढे चार युनिट काय घेऊन बसलात.

पट्टी_फिटिंग
न्यूट्रलचं नीट सांगतो, कारण निम्मे घोळ इथंच होतात.

फेज म्हणजे करंट आणणारी वायर, न्यूट्रल म्हणजे परत नेणारी. बटण फक्त फेज तोडतं. त्यामुळे जुन्या पद्धतीत फेज बोर्डात येतो, बटणातून दिव्याकडे जातो; न्यूट्रल बोर्डात येतच नाही, तो वरच्या वर एका दिव्यावरून दुसऱ्या दिव्याकडे लूप होत जातो. मॉड्यूलला स्वतः जिवंत राहायला फेज आणि न्यूट्रल दोन्ही लागतात. बोर्डात ५ अँपियरचं सॉकेट असेल तर न्यूट्रल तिथं असतो. नुसती बटणं असतील तर बहुतेक नसतो.

तपासायचं कसं: मेन एमसीबी बंद करा आणि इन्व्हर्टरही बंद करून त्याची आउटपुट पिन काढा. मेन पाडली की इन्व्हर्टर लगेच चालू होतो आणि लाइटच्या वायरींत पुन्हा २३० व्होल्ट येतात. मेन बंद आहे म्हणून हात घालणाऱ्याला झटका बसतो तो असा. मग बोर्ड उघडा, आधी फोटो काढा. काळ्या वायरींचा एकत्र पिळलेला जोड दिसला तर तो न्यूट्रल असण्याची शक्यता. पण पट्टी फिटिंगमध्ये रंगावर विश्वास नको, लाल-काळी हाताला येईल ती ओढलेली असते. पुन्हा करंट सोडून मल्टिमीटरने बघा: फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. नुसत्या टेस्टरवर भागवू नका. तुटलेल्या न्यूट्रलवरही टेस्टर पेटतो आणि दिशाभूल करतो. सॉकेट समोरून बघताना वरचं भोक अर्थ, उजवं फेज, डावं न्यूट्रल असायला हवं. जुन्या घरात उलटं सापडलं तर आश्चर्य नको.

पट्टी_फिटिंग
एक राहिलं. न्यूट्रल नाही म्हटल्यावर काही कारागीर हिरवी अर्थिंगची वायर न्यूट्रल म्हणून जोडतात आणि 'चालतंय की' म्हणून निघून जातात. चालतं, खरं आहे. पण अर्थ कुठे सैल झाली की त्या वायरीला जोडलेली प्रत्येक धातूची वस्तू, म्हणजे फ्रिज, गीझर, मिक्सर, सगळं जिवंत होतं. आरसीसीबी (करंट गळाला की लाइन तोडणारा स्विच) असेल तर ती पडू शकते, आणि मग ती 'उगीच पडते' म्हणून काढूनच टाकतील. हे कुणी सुचवलं तर सरळ नाही म्हणा.

शेजारच्या सॉकेटचा न्यूट्रल उसना घेण्यातही खोच आहे. तुमच्याकडे लाइट इन्व्हर्टरवर आणि सॉकेट थेट लाइनवर असतील. दोघांचे न्यूट्रल वेगळ्या आरसीसीबीतून आले असतील तर फेज एकीचा आणि न्यूट्रल दुसरीचा झाला की ती पडू शकते. दोन्ही एकाच सर्किटचे आहेत याची खात्री डीबीतून (एमसीबी असतात ती मेन पेटी) करून घ्या.

शहापूरकर
धन्यवाद. मागच्या भागात प्रत्येक बोर्डात सॉकेट आहे. पुढच्या भागात तीन बोर्ड नुसत्या बटणांचे, लाकडी. 'विदाउट न्यूट्रल' मॉड्यूल मिळतं म्हणतात, ते टाकलं तर?

उद्यमबाग
मिळतं, पण ९ वॅटच्या एका एलईडीवर ते नीट चालेलच असं नाही. ते स्वतःचा खुराक दिव्यातूनच ओढतं, म्हणजे बटण बंद असतानाही दिव्यातून किंचित करंट जात राहतो. पूर्वीच्या ६० वॅटच्या बल्बला ते जाणवत नव्हतं. एलईडीच्या आतला कपॅसिटर मात्र त्या किंचित करंटवर हळूहळू भरतो, भरला की दिवा एकदा लुकतो, रिकामा होतो, पुन्हा भरतो. रात्रभर दर पाच-दहा सेकंदांनी चमकणारा दिवा ज्याच्या डोक्यावर असेल त्याला विचारा. उपाय म्हणून दिव्याच्या दोन टोकांना समांतर बायपास कपॅसिटर लावतात, तो बरेचदा मॉड्यूलसोबत मिळतो. तो दिव्यापाशीच बसवायचा, बोर्डात नाही.

तसंही लाकडी पट्टीच्या बोर्डात मी इलेक्ट्रॉनिक्स कोंबणार नाही. जुनी वायर वाकवली की इन्सुलेशनचा भुगा होतो, आणि मागे वाळकं लाकूड.

जांबोटीचा_पाऊस
पुढच्या भागासाठी उलटी वाट धरा. बोर्डात न्यूट्रल नाही, पण दिव्यापाशी, सीलिंग रोजमध्ये, फेज आणि न्यूट्रल दोन्ही असतातच. त्याशिवाय दिवा कसा लागेल? तेव्हा सेन्सर तिथं लावा. वायफाय नको, ॲप नको. साधा पीआयआर सेन्सर (हलत्या माणसाची ऊब ओळखणारा), तीन वायरींचा: फेज, न्यूट्रल आणि दिव्याकडे जाणारी. तीनशे ते सहाशे रुपयांत येतो. भिंतीवरचं बटण चालू ठेवलं की सेन्सर काम करतो. बटण बंद केलं तर दिवा बंद, कुणाला काही शिकवावं लागत नाही.

बसवताना:

उंची सात-आठ फूट. त्याहून वर गेला की खालून जाणाऱ्या माणसाची ऊब नीट पकडत नाही. तुमची कौलारू खोली उंच असेल तर आढ्याला लावू नका, बाजूच्या भिंतीवर आणा.

पीआयआरला समोरून चालत येणारा माणूस उशिरा कळतो, आडवा जाणारा लगेच कळतो. म्हणून बोळाच्या टोकाला दाराकडे तोंड करून लावण्यापेक्षा बाजूच्या भिंतीवर, वाट आडवी कापली जाईल असा.

बहुतेक सेन्सरांवर तीन स्क्रू असतात: टाइम, लक्स, सेन्स. टाइम वाटेला एक मिनिट, न्हाणीघरात कमीत कमी पाच. लक्स चंद्राच्या खुणेकडे फिरवा म्हणजे दिवसा पेटणार नाही. सेन्स मध्यावर ठेवून सुरुवात करा.

चुलीची धग, पंख्याची पाती, कौलांच्या फटीतून येणारं ऊन यांच्याकडे तोंड नको. आणि पाल. सेन्सरच्या पांढऱ्या घुमटावर पाल बसली की रात्री दोन वाजता दिवा लागतो, आणि दिव्याला किडे येतात म्हणून पालही तिथंच येते. दिवा आणि सेन्सर यांच्यात दोन-तीन फूट अंतर ठेवलं की हा त्रास बराच कमी होतो.

टिळकवाडी_अक्का
न्हाणीघर आणि संडासात पीआयआर लावताना सांभाळा. माणूस बसला की हालचाल नाही, पाच मिनिटांत अंधार. वयस्कर माणसाला पाच मिनिटं पुरत नाहीत. तिथं बटणाचाच दिवा ठेवा, आणि सेन्सरवर वेगळा एक-दोन वॅटचा दिवा. मायक्रोवेव्ह सेन्सरचे बल्ब मिळतात, ते बारीक हालचालही पकडतात, पण ते प्लायवुडच्या दारातून आणि पातळ विटेतूनही 'बघतात'. बाहेर बोळातून कुणी गेलं तरी आत दिवा. जांभ्याच्या भिंतीआड चालेल, दार लाकडी असेल तर पेटत राहील.

रात्रीच्या वाटेचा दिवा पिवळट घ्या, २७०० किंवा ३००० केल्विन. आपल्याकडे दुकानात न सांगता ६५०० चा पांढराफेक देतात. अर्धवट झोपेत त्याने डोळे दिपतात आणि पायरी उलट कमी दिसते. दिवा गुडघ्याच्या उंचीला असला तर पायरीची कड सावलीनं उठून दिसते. डोक्यावरच्या दिव्यात आपलीच सावली पायरीवर पडते.

निपाणीकर
गुडघ्याच्या उंचीला जुन्या घरात सॉकेट कुठून येणार अक्का? सगळी बोर्डं छातीएवढ्या उंचीवर.

टिळकवाडी_अक्का
म्हणूनच चार्जिंगच्या पट्ट्या. लोहचुंबकानं चिकटतात, आत बॅटरी आणि पीआयआर, मोबाइलच्या चार्जरवर चार्ज होतात. रात्रीतून आठ-दहा वेळा लागल्या तर एका चार्जिंगवर काही आठवडे जातात. महिन्यातला एक दिवस ठरवून सगळ्या एकदम चार्ज करायच्या, संकष्टीला म्हणा हवं तर. लाइट गेली आणि इन्व्हर्टरही उतरला तरी ह्या लागतात, हे महत्त्वाचं.

एक_फेज
स्मार्ट बल्ब घेणारच असाल, निदान एक-दोन, तर आपल्याकडच्या लाइटीला धरून दोन गोष्टी.

पहिली: बहुतेक वायफाय बल्ब जोडणीच्या अवस्थेत न्यायचे तर तीन ते पाच वेळा पटापट बंद-चालू करायचे असतात. पावसाळ्यात वारं सुटलं की लाइट नेमकी तशीच झटके देत जाते-येते. बल्बला वाटतं मालकानंच रिसेट केलं. मग तो वायफायचं नाव विसरून लुकलुकत बसतो आणि पुन्हा पहिल्यापासून जोडायचं. इन्व्हर्टरवरच्या लाइनला हे कमी होतं, थेट लाइनवर जास्त. खासबाग-वडगावकडे जिथं त्याच लाइनवर यंत्रमागाच्या मोटरी आहेत तिथं मोटर सुरू होताना व्होल्टेज दबतं, पण तेवढ्यानं बल्ब रिसेट होत नाही, फक्त मंद होतो. काही बल्बांत ही बंद-चालूची रिसेट ॲपमधून बंद करता येते, घेण्याआधी बघा.

दुसरी: लाइट परत आल्यावर बल्बनं काय करायचं, ही सेटिंग. कारखान्यातून येताना ती 'चालू' अशी असते. म्हणजे पहाटे तीनला लाइट आली की घरातले सगळे बल्ब पूर्ण उजेडात पेटणार. ॲपमध्ये 'पॉवर ऑन'च्या नावाखाली 'पूर्वीची स्थिती' किंवा 'बंद' निवडा. मॉड्यूललाही हीच सेटिंग असते.

आणि रंगीत बल्बबद्दल: ९ वॅट लिहिलेलं असतं ते पांढऱ्या उजेडाचं, साधारण ८०० ल्युमेन. लाल-निळा लावला की फक्त तेवढेच एलईडी पेटतात, उजेड निम्म्याहूनही खाली येतो. गणपतीच्या आराशीला ठीक.

शहापूरकर
वायफायचं काय? राउटर पुढे, मॉड्यूल मागे.

एक_फेज
तुमच्या घरात हाच खरा अडसर. ही उपकरणं बहुतेक २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात, ५ वर नाही. दीड फुटी जांभ्याच्या दोन भिंती ओलांडल्या की २.४ सुद्धा दमतो, त्यात पावसाळ्यात भिंत ओली. वर मॉड्युलर बोर्डाची पेटी पत्र्याची असेल तर तो मॉड्यूलचा अँटेनाच झाकून टाकतो.

उपाय: जिन्यापाशी, घराच्या मध्यावर दुसरा ॲक्सेस पॉइंट (वायफाय पसरवणारा डबा), पुढच्या राउटरपासून वायर ओढून. ६० फुटांच्या घरात २० मीटर कॅट-६ नेटवर्क केबल पुरते. वायरलेस रिपीटरवर पैसे घालवू नका. तो जिथं सिग्नल कमी तिथंच लावतात, मग कमी सिग्नलच पुढे ढकलतो. राउटरमध्ये २.४ चं वेगळं नाव ठेवा, सुरक्षा डब्ल्यूपीए-२, चॅनल १, ६ किंवा ११ पैकी आसपास सगळ्यात मोकळं असेल ते. दोन्ही बँडचं नाव एकच असेल तर जोडणी करताना मोबाइल ५ वर असतो आणि बल्ब सापडत नाही. दुकानदार म्हणतो पीस खराब, आणि तो बदलून दुसराही 'खराब' निघतो.

राउटर आणि फायबरचा डबा दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या. एकच घेतला तर काही उपयोग नाही.

उद्यमबाग
इंटरनेट गेल्यावर काय चालतं हे विकत घेण्याआधी विचारा. बऱ्याच स्वस्त मालाचा आदेश मोबाइलवरून परदेशातल्या सर्व्हरला जातो आणि तिथून तुमच्या दिव्याला येतो. सर्व्हर बंद तर ॲप बंद. अमेरिकेत इन्स्टिऑन या स्मार्ट दिवे-बटणांच्या कंपनीचे सर्व्हर एप्रिल २०२२ मध्ये अचानक बंद पडले आणि लोकांच्या घरातल्या ॲपवरच्या सगळ्या सोयी एका रात्रीत गेल्या. मॅटर नावाचा प्रमाणित प्रकार ऑक्टोबर २०२२ मध्ये आला, त्यात आदेश घरातल्या घरात फिरतो आणि एका कंपनीचा दिवा दुसरीच्या ॲपमध्ये जोडता येतो. खोक्यावर मॅटरची खूण असेल तर थोडे जास्त पैसे द्यायला हरकत नाही.

आणि खातं तुमच्याच मोबाइल नंबरावर उघडा. बसवणारा घाईत स्वतःच्या खात्यात जोडून जातो, मग वर्षभरानं तो फोन उचलत नाही आणि तुमच्या जिन्याचा मालक तो.

जांबोटीचा_पाऊस
कुणी अजून बोललं नाही ते सांगतो. पंधरातले पहिले दीड-दोन हजार डीबीवर खर्च करा.

सगळ्यात जास्त नुकसान वीज पडून होत नाही, न्यूट्रल तुटून होतं. खांबावर न्यूट्रलचा जोड सुटला की सिंगल फेजच्या घरात २३० ऐवजी तीनशे, कधी चारशेच्या जवळ व्होल्ट येतात. साधा बल्ब ९० रुपयांचा जातो, मॉड्यूल हजार-बाराशेचं. त्यासाठी मीटरनंतर लगेच ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर: वरची मर्यादा २७०, खालची १७०, परत जोडायला एक-दोन मिनिटांचा उशीर. फ्रिजच्या कॉम्प्रेसरलाही तो उशीर हवाच असतो.

आकाशातल्या विजेसाठी टाइप-२ एसपीडी (जास्तीचा करंट अर्थमध्ये सोडणारं उपकरण), पण अर्थिंग नीट असेल तरच. अर्थच नाही तर एसपीडी जास्तीचा करंट सोडणार कुठे? जुन्या घरात नळाच्या पाइपला बांधलेली अर्थ असते आणि पाइप मध्येच प्लास्टिकचा झालेला असतो. खानापूर-जांबोटी पट्ट्यात जांभा उन्हाळ्यात ठणठणीत कोरडा पडतो, एप्रिल-मेमध्ये अर्थपिटात पाणी घालायला लागतं, आणि पहिले वळवाचे गडगडाट नेमके त्याच दिवसांत.

शहापूरकर
आणि मागच्या भागात मॉड्यूल जोडायची रीत? वायरमनला सांगता यावी म्हणून.

पट्टी_फिटिंग
बटणावरून दिव्याकडे जाणारी वायर काढा, ती मॉड्यूलच्या आउटपुटला. बोर्डातला कायमचा फेज 'एल'ला, न्यूट्रल 'एन'ला. बटणाची दोन टोकं 'एस-१', 'एस-२'ला. बटणावर आधी असलेली फेजची लूप पूर्ण काढली आहे ना हे बघा. बऱ्याच मॉड्यूलांत एस-१, एस-२ ही कोरडी टोकं असतात, तिथं फेज गेला की मॉड्यूल त्याच क्षणी जळतं. काहींत उलट, बटणातून फेजच द्यावा लागतो. आतल्या कागदावरचं चित्र बघितल्याशिवाय स्क्रूड्रायव्हर उचलू नये.

फेजची ती लूप पुढच्या बटणांनाही जात असते. एक काढली की पुढची तीन बटणं मरतात, मग कारागीर चक्रावतो. ती लूप वेगळ्या कनेक्टरमध्ये जोडून पुढे न्या.

एका पेटीत चार सुटी मॉड्यूलं रचू नका, तापतात आणि झाकण बसत नाही. चार बटणांचं एकच मॉड्यूल येतं ते घ्या. पंख्याला दिव्याचा डिमर कधीही नको, मोटर गुरगुरते आणि तापते. पंख्याला कपॅसिटरवाला वेगळा चॅनल हवा. बीएलडीसी पंखा असेल तर नुसतं चालू-बंद, वेग त्याच्या रिमोटवर. आणि इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर डिमरचा नादच सोडा.

शहापूरकर
मग असं धरतोय. पुढच्या भागात वाटेवर तीन वायरींचे पीआयआर २, सोबत २ वॅटचे पिवळे दिवे. चार्जिंगच्या पट्ट्या ३. मागे स्वयंपाकघर आणि माजघराच्या बोर्डात चार बटणांचं मॉड्यूल प्रत्येकी १. डीबीत प्रोटेक्टर आणि एसपीडी, अर्थिंग नवीन. मध्ये ॲक्सेस पॉइंट. तुळशीपाशी उजेडावर चालणारा सेन्सर. बाकी बल्ब आहेत तेच. जिन्याचं मात्र कळत नाही, तिथं टू-वे आहे, खाली एक बटण, वर एक. सेन्सर टू-वेला कसा जोडायचा?

पट्टी_फिटिंग
जोडू नका. टू-वेत बटणांकडून दिव्यापर्यंत एकच वायर येते आणि तिच्यात फेज कधी असतो, कधी नसतो. सेन्सरला कायमचा फेज हवा. तो काढायचा तर खालच्या-वरच्या बटणांना जोडणाऱ्या दोन प्रवासी वायरींतली एक अडकवावी लागते आणि वरचं बटण निकामी होतं. त्यापेक्षा टू-वेचा दिवा आहे तसा राहू द्या, आणि खालच्या पायरीपाशी सेन्सरचा वेगळा छोटा दिवा, मागच्या बोर्डातून १ चौ. मिमीची फेज-न्यूट्रल नवी ओढून. पाच-सहा मीटर वायर लागेल.

जांबोटीचा_पाऊस
तुळशीपाशी दोन गोष्टी बघा. सेन्सरवर त्याच दिव्याचा उजेड पडता कामा नये. पडला तर दिवा लागतो, सेन्सरला उजाडलं वाटतं, दिवा विझतो, पुन्हा लागतो, आणि हे रात्रभर चालतं. रस्त्याच्या दिव्याकडेही तोंड नको. सेन्सर दिव्याच्या वर किंवा मागे, आकाशाकडे तोंड करून. दिवा आयपी-६५ चा (धूळ-पाणी आत न जाणारा) घ्या, वायर खालून आत जाईल अशी, आणि आत शिरण्याआधी वायरीला खाली झोळ द्या म्हणजे पाणी तिथूनच ठिबकेल.

वेळेवर चालणारा टायमर घेऊ नका. आपल्याकडे नोव्हेंबर अखेरीस सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि जून-जुलैत सात वाजून गेल्यावर. एकच वेळ लावून ठेवली तर निम्मं वर्ष चुकतं.

शहापूरकर
मागच्या भिंतीवर पन्हळीखाली जागा आहे, पण तिथून आकाश दिसत नाही. चालेल?

जांबोटीचा_पाऊस
पन्हळीखाली नको, साडेपाचलाच अंधार समजेल आणि ढग भरले की दुपारीही पेटेल. दिवा पन्हळीखाली ठेवा, सेन्सर तेवढा दोन फूट वायर वाढवून बाहेरच्या कडेला आणा.